चाक जड लागते तेव्हा

(मंडळाच्या गणेशोत्सवात सभासदांच्या अनुभवकथनाच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी ह्या मंचावर मी चढतो तो माईक लावायला आणि कार्यक्रम संपल्यावर वायरी गुंडाळायला. यंदा सचिवांनी माईकच्या मागे न ठेवता पुढे उभे केले आहे. विषयही त्यांनीच दिला: मोटरबोटीचे स्टिअरिंग का बिघडते आणि ते दुरुस्त कसे करावे. घरी विषय सांगितला तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "जयपुरात? इथे बोट काय वाळूत चालवायची?"

शंका रास्त आहे. पण हेच शहर एकेकाळी ज्या रामगढ तलावाचे पाणी पीत होते, त्या तलावावर १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांतल्या नौकानयनाच्या शर्यती झाल्या होत्या. पुढे तो तलाव आटला, आणि आज आपल्या नळाला बीसलपूर धरणाचे पाणी येते. जलमहालाच्या काठावर उभे राहून पाण्याकडे बघत मक्याचे कणीस खाणे हा तर आपणा सर्वांचा आवडता उद्योग. ज्या मुलखात पाणी कमी, तिथे पाण्याची हौस जास्त. त्यामुळेच पावसाळा चांगला झाला की आसपासच्या जलाशयांवर हौशी बोटी उतरतात, आणि त्यामुळेच मागच्या वर्षी आपल्या मंडळाची सहलही अशाच एका जलाशयावर गेली.

त्या सहलीत काय घडले हे इथल्या पुष्कळांना ठाऊक आहे. पण त्यातला एक भाग मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. तो आज बाप्पासमोर सांगणार आहे.

मी रेल्वेत सिग्नल खात्यात नोकरीला आहे. शिक्षण म्हणाल तर डिप्लोमा. पदवीवाल्यांना 'का' हे आधी सुचते, आम्हा डिप्लोमावाल्यांना 'कुठे' हे आधी सुचते. बिघाड झाला आहे ना, मग तो नेमका कुठे आहे? वीस वर्षे हेच काम केले. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणारे सांधे, म्हणजे पॉइंट, हलले नाहीत की रात्री दोन वाजता जाऊन शोधायचे: मोटर अडली, दांडा अडला की रुळाच्या फटीत खडी बसली?

असा हा माणूस सहलीच्या दिवशी बोटीत चालकाशेजारी बसला. फायबरची सोळा-एक फुटी बोट, मागे चाळीस अश्वशक्तीचे इंजिन. आम्ही आठ जण होतो. माझी मुलगी होती, आपले एक सत्तरी ओलांडलेले काका होते. चालकाने कौतुकाने मला म्हटले, "साहब, घुमाके देखो." मी चाक फिरवले. जड लागले. उजवीकडे जरा बरे, डावीकडे अगदी ओल्या लाकडात स्क्रू पिळावा तसे. मी त्याच्याकडे पाहिले. तो हसून म्हणाला, "गर्मी भर खड़ी थी ना साहब, चलते-चलते खुल जाएगा."

आणि मी मान डोलावली.

हाच तो न सांगितलेला भाग. माझ्या विभागात एखादा पॉइंट इतका जड फिरला असता, तर मी त्यावरून गाडी जाऊ दिली नसती. पण सहलीचा दिवस, मुले उत्साहात, मागे रांग लागलेली. 'आपण कशाला विरस करा' असे वाटले आणि गप्प बसलो. लाइफ जॅकेटे पाच होती. त्यातली तीन आसनाखाली दाबून ठेवलेली. त्यावरही बोललो नाही.

मध्यावर गेल्यावर चालकाने वळण घेण्यासाठी चाक डावीकडे जोर लावून फिरवले, आणि ते तिथेच बसले. ना पुढे, ना मागे. बोट डावीकडे गोल फिरू लागली. मुलांना वाटले गंमत आहे, ती ओरडू लागली. काकांनी माझ्या मनगटाला धरले. त्या जलाशयात पाण्याखाली बुडालेल्या बाभळींचे बुंधे आहेत, हे चालकानेच निघताना सांगितले होते. सुदैवाने त्याने प्रसंगावधान राखले, वेग हळूहळू कमी करून इंजिन न्यूट्रलला आणले आणि मग बंद केले. वाऱ्याने बोट बुंध्यांच्या बाजूला सरकू लागली. एकच वल्हे होते. ते आळीपाळीने मारत आम्ही तिला जागेवर धरले. वीस-पंचवीस मिनिटांनी एक मच्छीमार आपली होडी घेऊन आला आणि दोर बांधून आम्हांला काठाला लावले. कुणाला ओरखडाही आला नाही. पण मुलीचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही.

आठवड्याभराने बोटमालकांचा फोन आला. "आप रेलवे वाले हो, एक बार देख लो." मी गेलो. खरे सांगायचे तर त्यांच्यासाठी नव्हे, स्वतःच्या मनावरचे ओझे उतरवण्यासाठी गेलो. दोन रविवार लागले. आता त्या दोन रविवारांत काय केले ते सांगतो.

आधी ही बोट वळते कशी ते समजून घेऊ. जुन्या गलबतांना मागे सुकाणू असे. आपल्या समित्यांनाही आपण सुकाणू समिती म्हणतो. ह्या छोट्या मोटरबोटीला मात्र वेगळे सुकाणू नसते. मागे टांगलेले अख्खे इंजिनच डावी-उजवीकडे वळते, पंख्याने फेकलेले पाणी त्या दिशेला जाते आणि बोट वळते. म्हणजे पंखा फिरत असेल तरच वळण. इंजिन न्यूट्रलला टाकले की चाक हातात असूनही बोट फारशी ऐकत नाही. शिवाय तिला ब्रेकही नाहीत.

चालकापुढच्या चाकामागे दातेरी चक्रांची लहान पेटी असते. तिच्यातून एक जाड केबल बोटीच्या कडेने मागे जाते. सायकलच्या ब्रेकची तार फक्त ओढते, ही केबल ओढते आणि ढकलतेही. तिच्या टोकाला स्टीलचा गुळगुळीत दांडा असतो. इंजिन ज्या पोकळ नळीभोवती वर-खाली कलते, त्याच नळीतून हा दांडा आठ-नऊ इंच आत-बाहेर सरकतो. पुढे एक छोटा जोडदांडा, आणि तो इंजिनाला धरून त्याला वळवतो. चाक, पेटी, केबल, नळीतला दांडा, जोडदांडा, इंजिन: अशी ही सहा कड्यांची साखळी. चाक जड झाले म्हणजे ह्यांतले एखादे कडे अडले. कोणते?

इथे बहुतेक जण एकच उपाय करतात: सगळीकडे तेल ओतायचे आणि जोर लावायचा. आमच्याकडे पॉइंट अडला की प्रथम मोटर सोडून क्रँक हॅंडलने हाताने फिरवून बघतात. हाताने नीट फिरला तर दोष मोटरीचा किंवा विजेचा, नाही फिरला तर दोष रुळाकडचा. साखळी मधे तोडा आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासा. इथेही तेच केले.

बोट ट्रॉलीवर काठावर ओढून घेतली. किल्ली काढली, बॅटरीची वायर सोडली. पहिली पायरी, जोडदांडा इंजिनापासून सोडला आणि इंजिन दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे फिरवले. देवघरातल्या दाराइतके सहज फिरले. म्हणजे इंजिनाची खुंटी निर्दोष. ती जड असती तर तिच्या निपलातून, जुने काळे ग्रीस बाहेर पडून नवे दिसू लागेपर्यंत, ग्रीस भरावे लागले असते.

दुसरी पायरी, जोडदांडा सुटलेला असतानाच चाक फिरवले. तेवढेच जड. म्हणजे दोष नळी, केबल किंवा पेटीत.

तिसरी पायरी, केबल नळीला जोडणारा मोठा नट सोडला आणि दांडा नळीतून बाहेर काढायला गेलो. तो हलेना. गुन्हेगार सापडला, निदान एक तरी.

मालकांचा मिस्त्री लगेच ब्लोलॅम्प घेऊन आला. मी त्याचा हात धरला. पेट्रोलची टाकी दोन फुटांवर, बोट फायबरची. तिथे ज्योत नेणे म्हणजे स्टिअरिंगबरोबर बोटीलाही मुक्ती देणे. मग त्याने घण उचलला. तोही ठेवायला लावला, कारण दांड्याच्या टोकावर सरळ घाव घातला तर टोक पसरते आणि मग तो नळीतून जन्मात निघत नाही. नळीच्या दोन्ही तोंडांतून गंज सोडवणारे तेल सोडले आणि आठवडाभर तसेच ठेवले. मालकांना सांगितले, रोज सकाळ-संध्याकाळ चार थेंब घालायचे, पूजा चुकली तरी हे चुकवायचे नाही.

दुसऱ्या रविवारी दांड्याच्या टोकाला पितळी दांडा लावून हलके हलके ठोके दिले. अर्ध्या तासाने तो केसभर सरकला. दुपारपर्यंत बाहेर आला. त्याच्यावर जे होते ते ग्रीस म्हणवत नव्हते. कुणीतरी कधीतरी ट्रकचे साधे ग्रीस भरले होते. उन्हाळाभर बोट कडुलिंबाखाली उघडी उभी होती. आपल्याकडच्या आंधीची धूळ तुम्ही जाणता, बंद कपाटातल्या चादरीवरही ती बसते. ती धूळ ग्रीसमध्ये मिसळून, उन्हात वाळून, तिचा दगडी लेप झाला होता, आणि पावसाचे पाणी शिरून आतून गंज चढला होता.

नळी बाटली धुण्याच्या गोल ब्रशासारख्या ब्रशाने आणि रॉकेलच्या फडक्याने साफ केली. आता दांडा मोकळा लोंबत होता. चौथी पायरी, पुन्हा चाक फिरवले. खूप हलके झाले होते. मालक टाळ्या वाजवून म्हणाले, "हो गया!" पण फिरवताना बोटांना बारीक खरखर लागत होती, वाळू भरड दळावी तशी. म्हणून पाचवी पायरी, केबल पेटीतून सोडून नुसते चाक फिरवले. अगदी मऊ. म्हणजे पेटी ठीक, खरखर केबलमध्येच. बोटीच्या कडेने हात फिरवत गेलो तेव्हा एका वळणावर केबलचे प्लॅस्टिकचे वेष्टण चिरलेले सापडले. तिथून पाणी शिरून आतली तार गंजली होती.

इथे आमचे जरा वाजले. मालकांचे म्हणणे, चिरेतून तेल सोडू, टेप गुंडाळू, हंगाम निघेल. मी म्हटले, ही केबल दुरुस्त होत नाही, बदलावीच लागते. आत गंजलेली तार आज खरखरते, उद्या अडकते आणि परवा तुटते. तुटली की चाक नुसतेच गरगरते, आणि इंजिन त्याच्या मर्जीने वळते. रेल्वेत सिग्नलची तार तुटली तर सिग्नलचा हात वजनाने आपोआप धोक्याच्या स्थितीत जातो आणि गाडी थांबते. यंत्र बिघडले तर सुरक्षित बाजूला बिघडावे, ही आमच्या खात्याची पहिली शिकवण. बोटीच्या स्टिअरिंगला अशी सुरक्षित बाजू नाही. ते बिघडते तेव्हा बोट धावतच राहते. म्हणून ते बिघडण्याआधीच बघावे लागते.

मालक थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "उस दिन आपकी बच्ची भी थी ना?" आणि त्यांनी नवी केबल मागवली.

नवी केबल घेताना दोन गोष्टी पाळाव्या. जुन्या केबलची लांबी तिच्या वेष्टणावरच छापलेली असते, तेवढ्याच लांबीची घ्यावी. आखूड घेतली तर ताणून बसते, लांब घेतली तर वेटोळे करावे लागते. आणि केबलला कुठेही आठ इंच त्रिज्येपेक्षा तंग वळण देऊ नये. आमच्या बोटीत चीर नेमकी तशाच तंग वळणावर पडली होती.

जोडणीच्या वेळी दांड्याला पाण्यात न धुपणारे, बोटींसाठी मिळते ते ग्रीस लावले. नळीला निपल असेल तर ग्रीस भरताना आधी चाक फिरवून दांडा पूर्ण आत घ्यावा. दांडा बाहेर असताना ग्रीस दाबून भरले तर ते आत कोंडते आणि दांडा मागे येऊच देत नाही. म्हणजे औषधानेच आजार. जोडदांड्याचे नायलॉनचे कडे असलेले लॉकनट एकदा काढले की पुन्हा वापरू नयेत, नवे घालावे. दहा रुपयांच्या नटावर आठ जीव टांगू नयेत.

शेवटी चाचणी. काठावरच चाक ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा वेळा फिरवले, इंजिन खाली असताना आणि वर कलवूनही, कारण केबल कधी कधी कललेल्या स्थितीतच अडते. आणि दर वेळी एकाने चाकाकडे नव्हे तर इंजिनाकडे बघायचे. आमच्याकडे नुसता खटका दाबून भागत नाही, पॉइंट खरोखर पूर्ण बसल्याची खूण आली तरच सिग्नल मिळतो. चाक फिरले म्हणजे इंजिन फिरले असे समजू नये. त्यानंतर पाण्यात, आधी सावकाश, मग मध्यम वेगाने. तेव्हा बोटीत मी, मालक आणि मिस्त्री असे तिघेच होतो, आणि तिघांच्याही अंगात जॅकेट होते.

इतर तक्रारी थोडक्यात सांगतो. चाक जड नसून ढिले असेल, म्हणजे बरेच फिरवल्यावर इंजिन हलत असेल, तर एकाने चाक हलवावे आणि दुसऱ्याने एकेका जोडावर बोट ठेवत मागे जावे. जिथे एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते, तिथे झीज किंवा सैल नट. बोट सरळ धरली तरी एका बाजूला ओढत असेल, तर पंख्याच्या वर एक लहान धातूची पट्टी असते ती बघावी. ओढ उजवीकडे असेल तर पट्टीची मागची कड किंचित उजवीकडे वळवावी, डावीकडे असेल तर डावीकडे. मोठ्या बोटींत केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे स्टिअरिंग असते. तिथे चाक स्पंजासारखे मऊ लागले किंवा जास्त फेरे घेऊ लागले, तर तेलात हवा शिरली आहे किंवा तेल गळते आहे. आधी गळती शोधावी, मग हवा काढावी. नुसते तेल भरत राहणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणे.

आता कुणी म्हणेल, आम्ही काही बोटी दुरुस्त करणार नाही, आम्हांला हे कशाला? म्हणून दोन घटनांची आठवण देतो. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' ह्या प्रवासी बोटीवर नौदलाची एक वेगवान बोट आदळली. तिच्या इंजिनाची चाचणी चालू होती, आणि इंजिनातल्या बिघाडामुळे नियंत्रण सुटले असे नौदलाने सांगितले. पंधरा जण गेले. तिथे दोष स्टिअरिंगचा होता असे मी म्हणत नाही. पण ताबा सुटलेली बोट काय करते ते त्या दिवशी साऱ्या देशाने पाहिले. दुसरी घटना आपल्या बाप्पाच्या विसर्जनाची. १३ सप्टेंबर २०१९ रोजी पहाटे भोपाळच्या खटलापुरा घाटावर मूर्ती घेऊन तलावात गेलेल्या नावा उलटल्या आणि अकरा जण बुडाले. गणपती घेऊन घरून निघालेले ते लोक होते, आपल्यासारखेच.

तेव्हा बोटीत बसणाऱ्याने एवढे तरी करावे. आपण बसण्याआधी चालकाला चाक दोन्ही टोकांपर्यंत फिरवायला सांगावे आणि मागे इंजिन वळते का ते बघावे. जॅकेट प्रत्येकाच्या अंगात हवे, आसनाखाली नव्हे. वल्हे आणि नांगर आहे का विचारावे. इंजिन बंद करणारी दोरी चालकाच्या मनगटाला किंवा कमरेला बांधलेली असावी, कारण चालक पाण्यात पडला आणि बोट गोल फिरत राहिली तर तिचा पंखा त्याच्याच अंगावर येतो. आणि चाक मधेच अडलेच, तर जोर न लावता वेग कमी करावा, न्यूट्रलला आणावे, नांगर टाकावा आणि सगळ्यांना खाली बसवावे.

बंधुभगिनींनो, स्टिअरिंग सहसा अचानक दगा देत नाही. ते आधी जड होते. ते जडपण म्हणजे यंत्राने आपल्याला घातलेली हाक असते. आपण जोर लावतो तेव्हा ती हाक दाबून टाकतो. त्या दिवशी चालकाने हाताच्या जोराने दाबली आणि मी भिडेने दाबली. माझा दोष त्याच्यापेक्षा मोठा, कारण त्याला कळत नव्हते आणि मला कळत होते.

परवा विसर्जन आहे. मूर्ती उचलताना, ट्रॉली ढकलताना, पाण्यात उतरताना कुणाला काही जड लागले, खटकले, तर संकोच न करता सांगा. विरस झाला तर चालेल. बाप्पाला दहा मिनिटे उशीर झाला तर तो रागावणार नाही, पण आपल्यातला एकही कमी झाला तर पुढच्या वर्षी त्याला आणायला कोणत्या तोंडाने जायचे?

ह्या वर्षीही सहल त्याच जलाशयावर आहे. मुलगी म्हणते, "बाबा, चाक आधी तुम्ही फिरवून बघायचे." मी कबूल केले आहे.

गणपती बाप्पा मोरया!